कोंबडीची गळ्याखालची पिशवी अडली तर काय करायचं, आणि तिला दाणा कोणता घालायचा

परसात चार-सहा कोंबड्या पाळत असाल तर आधी एक सवय लावून घ्या, औषधांचं नंतर बघू. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की एकदा आणि सकाळी दाणा घालायच्या आधी एकदा, प्रत्येकीच्या गळ्याखाली बोटं लावून बघायची. मानेच्या बुडाशी, छातीच्या जरा वर, तिच्या उजव्या अंगाला एक पिशवी असते, खाल्लेला दाणा आधी तिथे साठतो, भिजतो आणि मग हळूहळू खाली पेट्यात जातो, तोच कलेजी-पेटावाला पेटा. संध्याकाळी ती टम्म भरलेली असणारच, ते बघून घाबरून फोन करणारे आमच्या इंदूरला पण पुष्कळ आहेत, पण त्यात काही नाही, कोंबडी रात्रभराची शिदोरी घेऊन झोपते. बघायचं ते सकाळी. सकाळी उपाशीपोटी ती सपाट, रिकामी लागली तर सगळं ठीक. सकाळी पण भरलेलीच असेल तर मात्र गडबड आहे, आणि त्या दिवशी तिला बाकीच्यांबरोबर दाण्यावर सोडायचं नाही.

आता भरलेली म्हणजे कशी भरलेली ते हाताने ओळखायचं, कारण इलाज त्यावरच ठरतो आणि इथेच लोक घोळ घालतात, एकाचा इलाज दुसऱ्याला करतात.

घट्ट, मळून ठेवलेल्या कणकेसारखी लागली, दाबल्यावर बोटाचा खड्डा राहिला किंवा आत गुंताच हाताला लागला, तर पिशवी अडली आहे. हे बहुतेक वेळा लांब गवतामुळे होतं. लॉन कापलं आणि ते ढीगभर गवत कोंबड्यांपुढे टाकलं की बिचाऱ्या ते अख्खंच गिळतात, उभ्या गवताचा शेंडा तोडून खाणं वेगळं आणि कापलेला हातभर लांब धागा गिळणं वेगळं. शिवाय नारळाच्या शेंड्या, पोत्याची सुतळी, पतंगाचा मांजा, केस, प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे. संक्रांतीनंतर तर अंगणभर मांजा पडलेला असतो, तो वेचून घ्या आधी. आपल्याकडे ओला कचरा-सुका कचरा वेगळा करायची सवय घराघरात लागलीये, पण कचऱ्याची गाडी यायच्या आधी बादली परसात उघडी राहते आणि कोंबडी सगळ्यात आधी तिथेच जाते, त्यामुळे झाकण लावा.

दुसरा प्रकार म्हणजे पिशवी मऊ, डचमळणारी, आत पाणी नाहीतर हवा असल्यासारखी, आणि चोचीजवळ नाक नेलं की आंबूस घाण वास. ही पिशवी आंबली. आतमध्ये कँडिडा नावाची बुरशी वाढलेली असते, यीस्टच ती. टॉर्च लावून तोंडात बघा, कधीकधी जिभेवर, टाळूवर पांढरे चट्टे दिसतात. अशी कोंबडी मान वाकडीतिकडी करत राहते, पंख फुगवून कोपऱ्यात बसते, पाणी जास्त पिते, आणि खाली वाकली की चोचीतून पातळ पाणी गळतं.

तिसरा, पिशवी लोंबणं. ती ओघळून छातीच्या खाली लटकते, चालताना इकडेतिकडे हलते. तिच्या भिंतीचे स्नायू ताणून सैल झालेले असतात, ते पहिल्यासारखे होत नाहीत, फक्त सांभाळायचं असतं. थोडं थोडं खाणं चार वेळा द्यायचं, एकदम पोटभर नाही, आणि गवत बंद. काही जण फडक्याची पट्टी शिवून आधार देतात, चालतं ते, पण पट्टी पंखाखाली काचत नाही ना ते रोज बघायला हवं.

पिशवी अडली असेल तेव्हा

कोंबडी वेगळी करा. खोका किंवा पिंजरा, खाली वर्तमानपत्र अंथरा, भुसा किंवा पेंढा घालू नका, नाहीतर ती तेच खाऊन बसेल. वर्तमानपत्राचा दुसरा फायदा म्हणजे विष्ठा होतेय की नाही, किती आणि कशी होतेय ते कळतं. दाणा बंद, पाणी चालू. मोठ्या कोंबडीला १२ तास, फार तर २४ तास उपाशी ठेवायचं, त्यापुढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि लहान पिल्लांना तर असं उपाशी ठेवायचंच नाही, त्यांच्यात तेवढा दम नसतो, पिल्लू असेल तर सरळ डॉक्टर.

मग तेल. सगळे सिरिंजने तेल घशात सोडायला सांगतात आणि तिथेच अपघात होतो, कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मागेच उघडी असते, जरा चुकलं की तेल फुप्फुसात. त्यापेक्षा खोबरेल तेल फ्रिजमध्ये थिजवा, थंडीत तर आपल्याकडे ते बाटलीतच थिजतं, त्याचे वाटाण्याएवढे खडे करून तिच्यापुढे ठेवा, बऱ्याच कोंबड्या आपणहून टिपतात. सगळे मिळून एक चमचाभर, पोह्याचा चमचा नको, चहाचा घ्या. टिपत नसेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा, तिने स्वतः गिळला की पुढचा.

अर्ध्या तासाने चोळायला घ्या. कोंबडी मांडीवर उभ्या अवस्थेत धरा, डोकं वर, आणि बोटांनी त्या गोळ्याला हलकं हलकं गोल फिरवत मोकळं करायचं, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. गळ्याकडे वर ढकलायचं नाही. जोर नको, गोळा फोडायचाय, पिशवी नाही. मधेमधे कोमट पाणी पिऊ द्या. गोळा मऊ व्हायला लागला आणि सकाळी पिशवी निम्मी जरी उतरली तरी समजा मार्ग मोकळा होतोय, मग भिजवलेला मॅश, म्हणजे भरडलेलं फीड, उकडलेलं अंडं कुस्करून, असं पातळ मऊ दोन-चार घास द्यायचे आणि दोन-तीन दिवस त्यावरच ठेवायचं. अख्खा मका, गहू लगेच नको.

दोन दिवसांत फरक नाही, तर घरी थांबू नका. डॉक्टर पिशवीला छेद देऊन आतला गुंता काढतात आणि टाके घालतात, अनुभवी हाताने केलं तर कोंबडी वाचते. हे ऑपरेशन ब्लेडने घरी कसं करायचं हे सांगणारे पण भेटतील, त्यांना हात जोडा. भूल नाही, टाके धड नाहीत, आणि पिशवी आणि कातडी वेगवेगळी शिवायची असते हे कितीजणांना माहीत असतं?

पिशवी आंबली असेल तेव्हा

इथे तेल-मालीश नको, अजिबात. आत घट्ट काही नाहीये, पातळ आहे, दाबलं की ते वर येतं आणि श्वासनळीत जातं. कोंबडीला उलटी धरून ते पाणी काढायची एक पद्धत गावोगावी चालते, आमच्या इथे पण एक दादा आहेत, पाय धरून उलटी करतात आणि गळा पिळतात, आणि एखादी वाचली की वर्षभर सांगत फिरतात. ज्या गुदमरून मेल्या त्यांचं कोणी सांगत नाही. पाणी काढायचंच असेल तर डॉक्टर नळी घालून काढतात.

घरी करायचं ते एवढंच, की वेगळी ठेवा, दाणा १२ तास बंद, स्वच्छ पाणी चालू, आणि गोड-पिठूळ सगळं बंद. ब्रेड, भात, गुळाचं पाणी हे सगळं त्या बुरशीचं जेवण. दुबळी झालीये म्हणून गुळाचं पाणी पाजणं हे तर अगदी मायेने केलेलं नुकसान. खरं औषध म्हणजे बुरशीवरचं, डॉक्टर बहुतेक निस्टॅटिन देतात, डोस वजनावर ठरतो म्हणून कोंबडी वजन करूनच न्या.

आणि अँटिबायोटिक देऊ नका. कोंबडी मलूल दिसली की पाण्यात टेट्रासायक्लिनची पावडर टाकायची हा सरसकट रिवाज झालाय, पण अँटिबायोटिकने चांगले जंतू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं, म्हणजे कधीकधी पिशवी आंबते तीच आधीच्या फालतू अँटिबायोटिकमुळे. शिवाय अंड्यात औषध उतरतं ते वेगळं, औषध चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही अंडी खायची नाहीत.

व्हिनेगरचं विचारणारे असतातच. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा घालतात, चालतं, पण ते आंबलेल्या पिशवीवरचा इलाज नाही, आणि जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यात तर घालूच नका, आंबटाने जस्त पाण्यात उतरतं. प्लास्टिकचं भांडं घ्या. दह्याचं पण तसंच, चमचाभर दिलं तर बिघडत नाही पण कोंबडीला दुधातली साखर नीट पचत नाही, वाटीभर दह्याने हगवण लागते. मोरचूद पाण्यात घालायचा जुना नुस्खा आहे, तो डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय करू नका, जरा मात्रा वाढली की ते विषच. हळद-लसूण वगैरे घाला हवं तर, त्याने जीव जात नाही आणि बुरशी पण जात नाही.

एकदा बरी होऊन परत परत पिशवी भरलेली राहत असेल तर दुखणं पिशवीत नाहीये. पोटात जंत झालेत का, अंडं अडकलंय का, एक पाय पुढे एक मागे टाकून बसतेय का, म्हणजे मॅरेक, पाय लुळे पाडणारा विषाणूचा रोग, असू शकतो, की जुन्या वाड्याच्या दारा-खिडक्यांचा रंग पोपडे पडून खाली सांडतोय आणि ती तो टिपतेय. जुन्या रंगात शिसं असायचं, बॅटरीच्या भंगारात पण असतं, आणि शिशाने पिशवीचं चालणंच थांबतं, शिवाय ते अंड्यातून आपल्या घरातल्या पोरांच्या पोटात जातं. तो कोपरा जाळी लावून बंद करा.

डॉक्टर कुठे, तर महूचं वेटरनरी कॉलेज आपल्याला जवळ आहे, आणि घरी फिरता दवाखाना बोलवायचा तर १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. जाताना विष्ठेचं वर्तमानपत्र घडी घालून बरोबर न्या, लाजू नका, डॉक्टरांना त्यातून खूप कळतं. एकापेक्षा जास्त कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तर हा पिशवीचा विषय नाही, त्यांना कापायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, पशुपालन खात्याला कळवायचं. २०२१ च्या सुरुवातीला इंदूरला कावळे मरून पडत होते आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत तो बर्ड फ्लू निघाला, ते विसरलो नाही आपण.

आता दाण्याचं

पिशवीच्या दहा तक्रारींतल्या बऱ्याचशा दाण्यातून, खड्यांतून आणि पाण्यातून येतात म्हणून हे त्याच्याच पोटात सांगतोय.

खडे आधी. कोंबडीला दात नाहीत, पेट्यातले खडे दळायचं काम करतात. अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या माती-वाळूतून खडे स्वतः शोधतात पण सिमेंटच्या गच्चीवर किंवा पिंजऱ्यात असलेल्यांना कुठून मिळणार, त्यांना बारीक ग्रॅनाईटची खडी एका वाटीत ठेवा. ही खडी आणि शिंपल्यांचा चुरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिंपला पोटात विरघळतो, तो अंड्याच्या कवचासाठी, त्याने दळण होत नाही. दोन वाट्या ठेवायच्या, हवं तेव्हा हवं ते खातील.

मग फीड. बाजारात स्टार्टर, ग्रोअर, लेयर असं वयाप्रमाणे मिळतं. पहिले साधारण ८ आठवडे स्टार्टर, त्यात प्रोटीन २० टक्क्यांच्या आसपास. मग अंड्यावर येईपर्यंत, म्हणजे १८-२० आठवड्यांपर्यंत ग्रोअर, १६ टक्के. पहिलं अंडं दिसायला लागलं की लेयर, प्रोटीन १६ ते १८ आणि कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के. हे कॅल्शियमच मुख्य. लेयर फीड स्वस्त पडतं म्हणून पिल्लांना घालणारे आहेत, तेवढं कॅल्शियम पिल्लांची किडनी खराब करतं. कोंबडे, कोंबड्या, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) सगळं एकत्र असेल तर सरळ ग्रोअर घाला आणि शिंपला वेगळ्या वाटीत, अंडी देणारी जाऊन खाईल. ब्रॉयलरचं फीड मात्र अंड्याच्या कोंबडीला नको, त्यात प्रोटीन जास्त, चरबी चढते आणि अंडी कमी होतात. त्यात पिल्लांच्या रक्ती हगवणीवरचं औषध घातलेलं असू शकतं, पोत्यावर सालिनोमायसिन किंवा मोनेन्सिन लिहिलंय का बघा. ही औषधं घोड्याला फार विषारी आहेत, शेजारी टांगेवाला किंवा वरातीच्या घोड्यांवाला असेल तर ते पोतं त्याच्या हाताला लागू देऊ नका. आणि गाईचं पशुखाद्य कोंबडीला नको, त्यात युरिया असू शकतो.

कडकनाथ पाळणारे आता आपल्याकडे वाढलेत, झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी ओळख, मिळाल्यापासून तर जास्तच. तिला वेगळा काही जादूचा दाणा लागत नाही, हे फीडवाला काहीही म्हणो. ती अंगाने हलकी, खाते कमी, अंडी पण कमी देते, त्यामुळे लेयर फीडच घाला, फक्त कमी. मोठ्या लेयरला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लागतं, देशी त्यापेक्षा कमीत भागवते. पाणी दाण्याच्या दुप्पट तरी हवं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर गेला की त्याहून बरंच जास्त. पाणी संपलेल्या भांड्यापाशी कोरडा मॅश खाऊन बसलेली कोंबडी म्हणजे अडलेल्या पिशवीला आमंत्रण. उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि संध्याकाळी, दुपारी खायला त्या तयार नसतात, तेव्हा नुसती सावली आणि पाणी.

घरी मिसळायचं असेल तर आपण नशीबवान, सोयाबीनच्या गावात राहतो. पण कच्चं सोयाबीन घालायचं नाही, त्यात प्रोटीन पचू न देणारं द्रव्य असतं, ते उष्णतेने मरतं, म्हणून डीओसी घ्यायची, तेल काढलेली आणि भाजलेली पेंड, तिच्यात ४५ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी १० किलोचा हिशेब असा धरा: भरडलेला मका साडेपाच किलो, सोया डीओसी २ किलो २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो २०० ग्रॅम, शिंपल्याचा चुरा ८०० ग्रॅम, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १५० ग्रॅम, पोल्ट्रीचं व्हिटॅमिन-मिनरल मिक्स १०० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. मिक्सच्या पाकिटावर किलोमागे मात्रा वेगळी लिहिली असेल तर पाकिटाचं ऐका. चमचाभर मीठाकडे दुर्लक्ष करू नका, जास्त पण नको. आणि मका भरडा, पीठ नको, पिठाचा चोचीला चिखल होतो.

आता स्वयंपाकघरातलं. सकाळचे उरलेले पोहे चालतील पण वरची शेव काढून. शेव, मिक्स्चर, लोणचं, पापड हे सगळं मीठ आहे आणि कोंबडीला जास्त मीठ झेपत नाही, हगवण, तडफड, मरते पण. इंदूरच्या घरात नमकीनचा चुरा उरतोच, तो कोंबडीच्या वाट्याचा नाही. जिलबी तर नकोच. कच्चा राजमा आणि कच्चे घेवडे विषारी, बटाट्याची हिरवी साल, चॉकलेट, बुरशी आलेली पोळी, हे पण नाही. पालक, मेथी, कोबी चालते पण देठ बारीक चिरून, आणि कोबी टांगून ठेवली तर त्या टोचून बारीक बारीक खातात, दिवसभर कामाला लागतात. हा सगळा वरखाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. नुसत्या गहू-ज्वारीवर ठेवलेल्या कोंबड्या पातळ कवचाची अंडी घालतात आणि मग एकमेकींची पिसं उपटतात, त्यांना प्रोटीन कमी पडतंय म्हणून, भांडखोर आहेत म्हणून नाही.

पावसाळ्यात मक्याकडे लक्ष द्या. मंडीतून स्वस्तात भिजका मका आणतात लोक, त्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन लिव्हर खातं, आणि ते उकडून, भाजून जात नाही. कुबट वास, हिरवट-काळे दाणे, हातात घेतल्यावर गोळे दिसले तर टाकून द्या, पैसे गेले तर गेले. पोतं जमिनीवर ठेवू नका, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि महिन्याभरात संपेल तेवढंच घ्या. पोत्यावरची तारीख बघायची, दुकानदार जुनं पोतं पुढे सरकवतो.

मॅश, क्रम्बल (चुरा) की पेलेट (गोळ्या) हे आपल्या सोयीने. मॅश स्वस्त पण सांडतो आणि कोंबड्या त्यातला मका वेचून बाकीचं उधळतात, जरासं पाणी शिंपडून दिलं की कमी उधळतात, फक्त तेवढंच भिजवा जेवढं तासाभरात संपेल, उरलेलं आंबतं आणि मग तेच पिशवीत जातं.

एका फीडवरून दुसऱ्यावर जायचं तर एकदम बदलू नका, आठवडाभर घ्या, आधी तीन भाग जुनं एक भाग नवं, मग निम्मं-निम्मं, मग उलट, आणि त्या आठवड्यात सकाळची पिशवी रोज तपासा, एखादी रिकामी होत नाहीये असं दिसलं तर तिला जुन्यावर परत न्या आणि दोन दिवस थांबून पुन्हा सुरू करा.